घाटमाथ्यावरचे गाव : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्याच्या पश्चिम भागात कळसूबाई, रतनगड आणि हरिश्चंद्रगड यांच्या पायथ्याशी महादेव कोळी आणि ठाकर समाजांची लहान लहान गावे आहेत. भात, नागली (नाचणी) आणि वरई ही तेथील मुख्य पिके. या गावांतील शेती, पाणी आणि राहणीविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी काही निवडक प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : एप्रिल महिन्यात घाटघर परिसरात गेलो असता स्त्रिया डोक्यावर हंडे घेऊन दूरवरून पाणी आणताना दिसल्या. राज्यातील सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांपैकी हे एक मानले जाते आणि भंडारदऱ्याचा जलाशयही शेजारीच आहे. तरीही पाण्याची टंचाई कशी? (एक वाचक, ठाणे)

घाटघरला वर्षाला सरासरी पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्याच तालुक्यात पूर्वेला असलेल्या अकोले गावापर्यंत पोहोचेतो हे प्रमाण पाचशेच्या आसपास उतरते. त्यामुळे टंचाई खरी तर अकोल्याच्या पूर्व भागात असावी असे कोणालाही वाटेल. परंतु किती पाणी पडले यापेक्षा किती पाणी थांबले याला महत्त्व आहे, आणि ते थांबणे किंवा न थांबणे येथील खडकावर अवलंबून असते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक पसरत गेले आणि भाकरींची चवड रचावी तसे हे डोंगर उभे राहिले. त्यांतील काही थर घट्ट आणि अभेद्य आहेत, तर काही भेगाळलेले, सच्छिद्र आणि लवकर झिजणारे आहेत. घट्ट थरांचे कडे झाले, मऊ थरांचे उतार आणि सपाट्या झाल्या. गावे, खाचरे (बांध घालून केलेली भातशेते) आणि दाट झाडी बहुतेक करून या सपाट्यांवरच आढळतात.

घट्ट बेसॉल्टच्या पोटात पाणी साठवण्याची जागा फारच थोडी असते. जे काही पाणी मुरते ते भेगांमधून आणि दोन थरांच्या सांध्यांमधून वाहत जाते आणि कड्याच्या पायथ्याशी झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. जून-जुलैमध्ये पहिल्या काही आठवड्यांत माती आणि भेगा भरल्या की त्यानंतरचा सगळा पाऊस ओढ्यांवाटे निघून जातो. जमिनीत जेवढे मुरले असेल तेही उतारामुळे दिवाळीपासून माघ-फाल्गुनापर्यंत झऱ्यांमधून वाहून जाते. त्यानंतर गावाच्या वाट्याला येते ती ओढ्याच्या पात्रात खणलेली बुडकी किंवा तळ गाठलेली विहीर. पाच हजार मिलिमीटर पडो की तीन हजार, खडकाची धारण करण्याची शक्ती तेवढीच राहते.

भंडारदऱ्याविषयी आपण लिहिले आहे ते या भागातील माणसांच्या मनाला फार लागणारे आहे. प्रवरा नदीवरील विल्सन धरणाचे काम १९१० साली सुरू झाले आणि १९२६ साली ते पूर्ण झाले. त्याची साठवण क्षमता सुमारे ११ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे. हे धरण मुळात खालच्या अंगाच्या शेतीसाठी बांधलेले असून त्याचे पाणी प्रवरेतून पूर्वेकडच्या कालव्यांना जाते, आणि त्या पाण्यावर तिकडे ऊस उभा राहिला. जलाशयाच्या वरच्या अंगाला, उतारावर वसलेल्या पाड्यांना ते पाणी मिळवायचे तर उपसून चढवावे लागते. त्यासाठी वीज, पंप आणि जलवाहिनी यांचा खर्च लागतो आणि दुरुस्तीसाठी कायमची व्यवस्था लागते. घाटघरला उदंचन जलविद्युत प्रकल्प २००८ पासून चालू आहे. तेथे २५० मेगावॉट क्षमतेच्या यंत्रांनी पाणी कोकणाच्या बाजूच्या खालच्या जलाशयातून घाटमाथ्यावर चढवले जाते. पाणी चढवण्याचे तंत्र आपल्याकडे आहे, याचा याहून मोठा पुरावा नको. ते तंत्र पाड्यांच्या हंड्यापर्यंत नेण्याला मात्र तेवढे प्राधान्य मिळालेले नाही, आणि ही गोष्ट स्पष्टपणे म्हणायलाच हवी.

उपायांमध्ये दोन गोष्टी मला सर्वांत आश्वासक वाटतात. पहिली म्हणजे झऱ्याचे पाणलोट ओळखून ते राखणे. झऱ्याला पाणी कोठून मिळते हे केवळ वरचा उतार पाहून ठरत नाही. थरांचा कल आणि भेगांची दिशा पाहावी लागते, आणि कधी कधी ते मुरण्याचे क्षेत्र डोंगराच्या दुसऱ्या अंगाला निघते. म्हणून भूजलाच्या जाणकाराकडून पाहणी करून घेतल्यानंतरच समतल चर खोदावेत, आणि त्या क्षेत्रात कूपनलिका घेऊ नये. दुसरी गोष्ट छतावरच्या पाण्याची. ५० चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस पडला की ५० लिटर पाणी होते. वाया जाणारा भाग वजा केला तरी २५० मिलिमीटर पावसात १०,००० लिटरची टाकी भरते, आणि एवढा पाऊस येथे आषाढात दोन-तीन दिवसांत सहज पडतो. पाच माणसांच्या कुटुंबाला केवळ पिण्यास आणि स्वयंपाकास रोज ५० लिटर लागतात असे धरले, तर चैत्र-वैशाखाच्या ६० दिवसांना ३,००० लिटर पुरतात. झाकलेली, उजेड न शिरणारी आणि पहिल्या पावसाचे पाणी बाहेर सोडण्याची सोय असलेली टाकी असावी. गुरांचे आणि धुण्याचे पाणी तिच्यातून भागणार नाही, परंतु घरातल्या बाईची रोजची सर्वांत लांबची खेप तिने वाचते.

प्रश्न : आमच्या गावाकडे अजूनही उन्हाळ्यात राब भाजतात. शाळेत मुलांना पालापाचोळा जाळू नये असे शिकवतो आणि घरी आजोबा तेच करतात. राब भाजणे चूक आहे का? (एक शिक्षिका, राजूर परिसर)

आजोबा जे करतात त्यामागचे कारण आधी मुलांना सांगावे, आणि मग पर्यायांचा विचार त्यांच्याबरोबरच करावा. भाताची रोपे ज्या वाफ्यात वाढवायची त्याला आपल्याकडे दाढ म्हणतात. तिच्यावर शेण, झाडांच्या छाटलेल्या फांद्या, पालापाचोळा, गवत आणि वर मातीचा पातळ थर अशी जी रचना करतात तो राब, आणि वैशाखात तो भाजला जातो. त्या उष्णतेने वरच्या थरातील तणांचे बी मरते, राखेतून पालाश आणि इतर क्षार मिळतात, आणि माती भुसभुशीत होऊन रोप मुळासकट अलगद उपटता येते. सलग पावसात दाढीची निंदणी करणे जवळजवळ अशक्य असते, म्हणून तण आधीच मारून ठेवणे ही या हवामानातील खरी गरज आहे. शिवाय हे भाजणे संपूर्ण शेतावर होत नाही. लावणीच्या क्षेत्राच्या सुमारे एक दशांश क्षेत्रावरच दाढ असते.

याच विषयावर इंग्रजी राजवटीत मोठा वाद झाला होता. वनखात्याने राबासाठी फांद्या तोडण्यावर निर्बंध आणल्यामुळे ठाणे आणि कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यांत असंतोष पसरला आणि १८८५ साली सरकारला मुंबई वन आयोग नेमावा लागला. डोंगरातील शेतकरी जंगल नष्ट करतो हा समज तेव्हाही होता. प्रत्यक्षात राबासाठी झाड तोडत नाहीत, फांद्या छाटतात, आणि ऐनासारख्या झाडाला पुन्हा फूट येते. मात्र दरवर्षी त्याच झाडाची छाटणी होऊ लागली की झाड खुरटते आणि त्याला फळ-बी धरत नाही, हेही तितकेच खरे आहे. लोकसंख्या वाढली, मोकळे रान कमी झाले आणि प्रत्येक झाडावरचा भार वाढला. फांद्या तोडून डोक्यावरून आणण्याचे श्रमही माघापासून चैत्रापर्यंत बहुतांशी स्त्रियांच्याच वाट्याला येतात.

पर्याय म्हणून डॉ. नारायण सावंत यांनी मांडलेली चारसूत्री भात लागवड पाहण्यासारखी आहे. तिच्यात दाढीत भाताच्या तुसाची राख मिसळतात, त्यामुळे सिलिका मिळून रोप ताठ आणि काटक होते. चिखलणीच्या आधी गिरिपुष्पाचा (ग्लिरिसिडियाचा) हिरवा पाला शेतात गाडतात. रोपे आलटून पालटून १५ आणि २५ सेंटिमीटर अंतरावर, एका चुडात (एकत्र रोवलेल्या जुडीत) दोन-तीनच अशी लावतात. आणि चार चुडांच्या चौकोनाच्या मध्यभागी युरिया-डीएपीची गोळी खोल खोचतात, म्हणजे खत पावसाने वाहून जात नाही. बांधावर गिरिपुष्प लावले की हिरवळीच्या खतासाठी रानात जावे लागत नाही. गादीवाफा केल्यास पाणी साचत नाही आणि तणही आटोक्यात राहते. शाळेच्या आवारात एक वाफा राबाचा, एक तुसाच्या राखेचा आणि एक गादीवाफा असे तीन वाफे शेजारी शेजारी करून मुलांकडून रोपांची उंची, मुळे आणि तण मोजून घ्यावे. आजोबांना त्या दिवशी आवर्जून बोलवावे. त्यांना निरीक्षण करता येते, कारण आयुष्यभर त्यांनी तेच केले आहे.

प्रश्न : मी मूळचा याच भागातला असून मुंबईत नोकरी करतो. वडिलांचे वय झाले आहे. भात आणि नागलीत काही उरत नाही. खाचरे मोडून स्ट्रॉबेरी किंवा फळबाग करावी, असे मित्र सुचवतात. काय करावे? (एक वाचक, कल्याण)

खाचर मोडू नये. उतारावर एकेक बांध घालून, पावसाबरोबर वाहत येणारी माती अडवून खाचर तयार होते, आणि ते घडायला दोन-तीन पिढ्या लागलेल्या असतात. बांध फुटू दिला तर ती माती दोन पावसाळ्यांत खालच्या ओढ्यात जाते आणि पुन्हा मिळत नाही. स्ट्रॉबेरीला थंडी लागते, ती आपल्याकडे आहे, परंतु तिला कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत नियमित पाणीही लागते. आपल्या विहिरीला माघानंतर किती पाणी असते, यावरच त्या पिकाचा निर्णय करावा. शेजारच्या गावात यश आले म्हणून आपल्याकडे येईलच असे नाही, कारण एका झऱ्याच्या अंतराने येथे सगळे गणित बदलते.

वरकस जमिनीचा विचार मात्र अवश्य करावा. उतारावरच्या हलक्या जमिनीत पूर्वी पहिल्या वर्षी नागली, दुसऱ्या वर्षी वरई, मग खुरासणी (कारळा) आणि त्यानंतर काही वर्षे पड, असा क्रम असे. पड ठेवल्याने माती सावरत असे. आता मनुष्यबळाअभावी अनेकांच्या वरकस जमिनी नुसत्याच पडून आहेत. तेथे बांबू, हिरडा, आंबा यांची लागवड करता येते, आणि रोजगार हमीशी जोडलेली फळबाग लागवड योजना राज्यात १९९० पासून आहे. कड्याच्या अगदी काठाला असलेल्या गावांत धुके आणि वारा यांमुळे आंब्याचा मोहर टिकणे अवघड जाते, म्हणून तेथे आंब्यापेक्षा बांबू आणि हिरड्याला झुकते माप द्यावे. हिरडा सावकाश वाढतो, परंतु एकदा मोठा झाला की त्याला पाणी लागत नाही, खत लागत नाही, आणि चैत्र-वैशाखात, म्हणजे हातात पैसा नसतो नेमक्या त्या दिवसांत, कोवळी फळे वाळवून बाळहिरडा विकता येतो. अकोले, जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांतील कित्येक घरांचा पावसाळ्याचा किराणा बाळहिरड्यावर भरला जातो.

आपले वडील आज जे उत्पन्न काढतात त्यात त्यांच्या स्वतःच्या मजुरीची किंमत धरलेली नसते, म्हणून उरत नाही ही तक्रार रास्त आहे. दिवाळीनंतर या गावांतील तरुण जोडपी नारायणगावच्या बाजूला भाजीपाल्याच्या मळ्यांवर मजुरीला जातात, ते याच कारणाने. परंतु वर्षभराचे तांदूळ घरचे असणे याची किंमत कल्याणच्या दुकानातील दराने मोजून पाहावी, आणि मगच निर्णय घ्यावा.

प्रश्न : जुन्या वाणांचे भाताचे बियाणे घरी राखता येते का, की ते दरवर्षी विकतच आणावे लागते? (एक वाचक, नाशिक)

अवश्य राखता येते. भात हे स्वपरागीभवन होणारे पीक असल्यामुळे देशी आणि सुधारित सरळ वाणांचे बियाणे पुढच्या वर्षी जवळजवळ तसेच उतरते. संकरित बियाण्याचे मात्र तसे होत नाही. काकडी, भोपळा, दोडका यांसारख्या वेलांमध्ये किडे परागकण इकडून तिकडे नेतात, त्यामुळे तेथे वाण शुद्ध ठेवण्यासाठी अंतर राखावे लागते. भाताच्या बाबतीत शेताच्या मध्यभागातील निरोगी, एकसारखी पिकलेली लोंबे वेगळी कापून घ्यावीत, कडेच्या ओळी सोडून द्याव्यात, उन्हात नीट वाळवून राख आणि कडुनिंबाचा पाला घालून कणगीत किंवा मडक्यात ठेवावीत.

अकोले तालुक्यातीलच कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी बाएफ संस्थेच्या साहाय्याने देशी बियाण्यांची बँक उभी केली आणि त्यांना २०२० सालचा पद्मश्री किताब जाहीर झाला. त्यांच्या कार्यामुळे एक महत्त्वाची गोष्ट लोकांसमोर आली, ती म्हणजे वाणांची विविधता ही हौस नसून जमिनीची गरज आहे. हळवा (लवकर तयार होणारा), निमगरवा (मध्यम मुदतीचा) आणि गरवा (उशिरा तयार होणारा) हे भाताचे भेद पाहावेत. वरच्या अंगाची खाचरे पाऊस उघडताच वाळू लागतात, तेथे हळवा भात लागतो. ओढ्याकाठच्या खोल खाचरांत पाझर उशिरापर्यंत टिकतो, तेथे गरवा भात भरघोस येतो. एकाच घराच्या शेतात तीन प्रकारची खाचरे असतील तर तीन प्रकारचे बियाणे लागते. सर्वत्र एकच वाण पेरला की एखाद्या भाद्रपदात पाऊस लवकर गेल्यावर वरची खाचरे पळीज राहतात, म्हणजे कणीस येते पण दाणा भरत नाही.

प्रश्न : गावच्या नातेवाइकांना संकरित गाय घेऊन द्यावी असा विचार आहे. योग्य ठरेल का? (एक वाचक, पुणे)

आपली भावना चांगली आहे, परंतु घाटमाथ्यावर तिच्याऐवजी डांगी गाय द्यावी. डांगी ही इगतपुरी, अकोले आणि डांग भागातील जात आहे. तिच्या कातडीतून तेलकट स्राव पाझरतो, त्यामुळे संततधार पावसातही अंग ओले राहून ती आजारी पडत नाही. काळे, टणक खूर चिखलात आणि खडकात टिकतात. बैल चिखलणीला उत्तम. दूध कमी, हे मान्य. परंतु संकरित गाईला लागणारे खाद्य, कोरडा गोठा आणि वेळेवर पोहोचणारा पशुवैद्य यांची सोय जेथे नाही तेथे जास्त दुधाचा लाभ मिळत नाही आणि औषधांचा खर्च मात्र होतो. राजूरला डांगी जनावरांचे प्रदर्शन भरते, तेथे निवड करणे सोयीचे जाईल.

प्रश्न : उपवासाची भगर म्हणजेच वरई का? नागलीपेक्षा ती पचायला हलकी का मानतात? (एक वाचिका, सांगली)

होय, वरई भरडून तिचे साल काढले की जी राहते तीच भगर होय. साल निघून गेल्यामुळे तिच्यातील तंतुमय भाग कमी होतो, म्हणून ती हलकी लागते. नागली सालासकट दळली जाते. तिच्यात १०० ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, जे इतर कोणत्याही धान्यापेक्षा अधिक आहे. डोंगरातील घरी रोजच्या जेवणात नागलीची भाकरी असते आणि वरईचा भात सणावारी किंवा तांदूळ संपत आल्यावर शिजतो.

प्रश्न : काजवे पाहण्यासाठी भंडारदऱ्याला जाण्याचा बेत आहे. काय काळजी घ्यावी? (एक कुटुंब, छत्रपती संभाजीनगर)

मे महिन्याच्या मध्यापासून पाऊस स्थिरावेपर्यंत काजवे दिसतात. हा भाग १९८६ पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, तेव्हा वनविभागाचे नियम लागू आहेत. काजव्यांची चमक हा नर-मादीचा संकेत असल्यामुळे विजेरी, मोटारीचे दिवे आणि मोबाइलचा प्रकाश यांनी त्यांचे मीलनच खुंटते. त्यांची अळी पालापाचोळ्यात आणि ओलसर मातीत राहून गोगलगायींवर जगते, म्हणून झाडांखाली वाहने नेणे आणि पाला तुडवणे हे पुढच्या वर्षीचे काजवे मारण्यासारखे आहे. शनिवार-रविवार टाळावा, गाडी गावात ठेवावी आणि वाटाड्या गावातलाच घ्यावा. जेवण घरगुती मिळते. मात्र पाणी जपून वापरावे, कारण आपण जाल तो काळ गावाच्या सर्वांत कडक टंचाईचा असतो, आणि आपल्या आंघोळीचे पाणी कोणीतरी डोक्यावरून आणलेले असण्याची शक्यता फार मोठी आहे.

प्रश्न : निवृत्तीनंतर तेथे दोन एकर जमीन घेऊन घर बांधायचे आहे. दलाल म्हणतो की स्थानिकाच्या नावावर घेऊन नंतर पाहू. हे सुरक्षित आहे का? (एक निवृत्त अधिकारी, मुंबई)

मुळीच नाही, आणि केवळ आपल्या पैशांसाठी नव्हे तर त्या गावासाठीही असे करू नये. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील कलम ३६ आणि ३६ अ नुसार आदिवासी व्यक्तीची जमीन बिगर आदिवासीकडे विक्री, देणगी, अदलाबदल किंवा अन्य मार्गाने परवानगीशिवाय हस्तांतरित करता येत नाही. पाच वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा किंवा गहाण यांसाठी जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागते, आणि विक्रीसारख्या व्यवहारात जिल्हाधिकाऱ्यांना राज्य शासनाची पूर्वमान्यता घ्यावी लागते. त्याशिवाय शेतकरी नसलेल्या व्यक्तीला शेतजमीन घेण्यास कूळकायद्याच्या कलम ६३ चा अडसर आहेच. दुसऱ्याच्या नावावर घेतलेल्या जमिनीवर आपला कोणताही हक्क टिकणार नाही आणि नियमबाह्य हस्तांतरण झालेली जमीन मूळ आदिवासी खातेदाराला परत देण्याची तरतूद कायद्यात आहे. जमीनदारी आणि सावकारीच्या काळात कर्जापोटी या डोंगरांतल्या असंख्य खाचरांचे मालक बदलले. त्या अन्यायातून ही कलमे आली आहेत, आणि ती शिथिल होऊ नयेत असे माझे ठाम मत आहे.

आपल्याला डोंगरात राहण्याची ओढ असेल तर गावातील एखाद्या कुटुंबाकडे महिना-दोन महिने खोली घेऊन रीतसर भाडे द्यावे. जमीन घेण्याचाच आग्रह असेल तर बिगर आदिवासी खातेदाराची जमीन शोधावी, आगाऊ रक्कम देण्यापूर्वी सातबारा उताऱ्यावरील भोगवटादार वर्ग आणि इतर हक्कांचा रकाना तपासावा, जुने फेरफार तलाठ्याकडून पाहून घ्यावेत, आणि कलम ३६ किंवा ३६ अ ची नोंद कोठेही आढळल्यास व्यवहार तेथेच थांबवावा.